टिकटिक, खडखड, ठकठक

सकाळी साडेसातच्या सुमारास सुरतेच्या कतारगाममध्ये आमच्या गल्लीत एकामागून एक मोटरसायकली सुरू होतात. कुणी हिऱ्याच्या कारखान्यात निघालेलं असतं, कुणी जीआयडीसीच्या औद्योगिक वसाहतीत, कुणी वेड रोडकडे. बहुतेक गाड्या शंभर सीसीच्या, हवेवर थंड होणाऱ्या, आणि निम्म्याहून अधिक दहा वर्षं ओलांडलेल्या. आत बसून नुसतं ऐकलं तरी कुठली गाडी कुणाची ते कळतं. एक टिकटिकते, एक खडखडते, एकीचं साडी गार्ड खुळखुळतं. गेल्या वर्षी शेजारच्या भाऊंची गाडी सुरू झाली तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवून बाहेर पळालो, कारण त्या दिवशी तिच्या आवाजात एक नवा ठोका होता. त्या ठोक्याकडे नंतर येतो.

माझी स्प्लेंडर २००९ ची, हिरो आणि होंडा वेगळे होण्याआधीची. काही वर्षांपूर्वी तिला खडखड लागली. मी एका गॅरेजात नेली. तिथल्या माणसाने दोनदा रेस दिली आणि सांगितलं, ब्लॉक-पिस्टन गेलंय, हाफ इंजिन करावं लागेल. केलं. तीन दिवस गाडी तिथे, नवं पिस्टन, नव्या रिंगा, ब्लॉकला नवा बोर. गाडी घेऊन गल्लीच्या तोंडाशी येतो न येतो तोच तीच खडखड पुन्हा. पैसे गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त लागलं ते हे, की आवाज कुठून येतोय हे कुणी पाहिलंच नव्हतं.

मग एका ओळखीच्या मिस्त्रींकडे गेलो. अमळनेरकडचे, सुरतेत आयुष्य गेलेले. त्यांनी हत्याराला हात लावला नाही. बाकावर बसले आणि विचारलं, "गाडी काय बोली ऱ्हायनी भाऊ?" मी म्हटलं, खडखडतेय. त्यांचे पुढचे प्रश्न मला पाठ आहेत. थंड असताना का गरम झाल्यावर? रेस देताना का सोडताना? क्लच दाबला की बदलतो का? उभ्या गाडीत येतो का चालत्या? डावीकडून का उजवीकडून? चार प्रश्नांची उत्तरं मला देता आली नाहीत. रोज ज्या गाडीवर बसतो तिचा आवाज मी कधी नीट ऐकलाच नव्हता. ते म्हणाले, आठवडाभर ऐक आणि मग ये.

त्या आठवड्यात मी जे शिकलो त्यावर आजही माझा विश्वास आहे: इंजिन उघडण्याआधी आवाजाला नेमकं नाव द्यायचं. त्या कामाला मराठी किती उपयोगी पडते! टिकटिक, खडखड, खळखळ, किणकिण, घरघर, कुरकुर, ठकठक. आपण हे शब्द सैल वापरतो, पण इंजिनात यातला एकेक जवळजवळ एकेका जागेचा पत्ता असतो.

आधी हवेवर थंड होणारं इंजिन इतकं बोलकं का असतं ते पाहू. पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात सिलिंडरभोवती पाण्याचं जाकीट असतं, आणि आतला आवाज त्या पाण्यात बराच जिरतो. आपल्या इंजिनाभोवती असतात फक्त पातळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्या. त्या उष्णता बाहेर टाकतात, तसा आवाजही बाहेर टाकतात, आणि वर स्वतः झणझणतात. म्हणून काही गाड्यांच्या पट्ट्यांमध्ये रबराचे छोटे ठोकळे बसवलेले असतात. जुन्या गाडीत ते वाळून गळून पडतात आणि मालकाला वाटतं, इंजिनच बिघडलं.

दुसरं कारण धातूंचं. पिस्टन ॲल्युमिनियमचं, आणि ते ज्या स्लीव्हमध्ये फिरतं ती बिडाची. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं. पन्नास मिलिमीटरचं पिस्टन शंभर अंशांनी तापलं तर ०.११ मिलिमीटरच्या आसपास वाढतं, आणि तितकीच तापलेली बिडाची नळी ०.०५ ते ०.०६ मिलिमीटरच वाढते. प्रत्यक्षात पिस्टन नळीपेक्षा जास्त तापतं, म्हणजे फरक आणखी मोठा. त्यामुळे थंड इंजिनात पिस्टनभोवती जरा मोकळी जागा ठेवावीच लागते. थंडीच्या सकाळी सुरू केल्यावर मिनिट-दोन मिनिटं जी पोकळ खडखड येते आणि गजेरा सर्कलपर्यंत जाईतो विरते, ती बहुधा याच मोकळ्या जागेतून येते. पिस्टन एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर आपटतं. गरम झाल्यावर जाणारा आवाज अनेकदा अजून काही वर्षं चालू शकतो. गरम झाल्यावर वाढणाऱ्या आवाजाकडे मात्र लगेच बघायला हवं.

आता तपासणी. पहिला नियम असा की आवाज इंजिनाचा आहे हे आधी सिद्ध करायचं. माझ्या अनुभवात निम्म्या तक्रारी इंजिनाबाहेरच्या निघतात. साडी गार्डचा बोल्ट, चेन कव्हर, सायलेन्सरवरचं पत्र्याचं कवच, नंबर प्लेट, हेडलाइटची रिंग, आणि इंजिन चेसीला धरून ठेवणारे लांब बोल्ट. गाडी मेन स्टँडवर लावा, हळूहळू रेस वाढवा, आणि ज्या रेसला आवाज येतो तिथे धरून ठेवा. दुसऱ्या माणसाने जाड फडकं हाताला गुंडाळून एकेक भाग दाबायचा. दाबल्यावर आवाज थांबला की सापडला. सायलेन्सरजवळ जपून, तिथे हाताचं कातडं सोलून निघतं. मागची चेन सैल असेल तर गाडी चालवताना, विशेषतः रेस सोडताना, ती कव्हरवर आपटते. खालच्या बाजूला मधोमध बोटाने वर-खाली केली तर ती दोन-तीन सेंटीमीटर हलावी.

बाहेरचं सगळं पक्कं करूनही आवाज राहिला, तर लांब पेचकस घ्यायचा. इथले गुजराती मिस्त्री त्याला डिसमिस म्हणतात. टोक इंजिनावर टेकवायचं आणि मुठीला कान लावायचा. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखंच काम करतो. हेडच्या टॅपेटच्या झाकणावर, ब्लॉकवर, डावीकडे मॅग्नेटच्या कव्हरवर, उजवीकडे क्लचच्या कव्हरवर, प्रत्येक ठिकाणी पाच-पाच सेकंद. आवाज सगळीकडे पोचतो, पण एका जागी तो कानात टोचतो. पहिल्यांदा मला फरकच कळला नाही. चौथ्या दिवशी कळला.

आमच्या इमारतीत एक रत्नकलाकार राहतात. घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या यंत्रावर, बसून हिरा घासताना त्यांना सराणीचा, म्हणजे फिरत्या चकतीचा, आवाज इतका सवयीचा झालेला असतो की त्यात जरा बदल झाला तर हात आपोआप उचलला जातो, कारण सराण हलली की हिऱ्याच्या पैलूवर रेघ उमटते. त्यांनी माझ्या गाडीला पेचकस लावला आणि पहिल्याच खेपेला मॅग्नेटच्या कव्हरवर बोट ठेवलं. इंजिनातलं त्यांना काही कळत नव्हतं. कान मात्र तयार होता.

टिकटिकीपासून सुरुवात करू, कारण ती सगळ्यात जास्त आढळते आणि तिच्याबद्दल गैरसमजही सगळ्यात जास्त. व्हॉल्व्ह उघडणारा रॉकर आणि व्हॉल्व्हचं टोक यांच्यात केसाच्या जाडीएवढी फट ठेवलेली असते, मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकी. ही फट वाढली की रॉकर व्हॉल्व्हवर हळूच बसण्याऐवजी आपटतो. रॉकरला ढकलणारी कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरते. १४०० आरपीएमच्या आयडलिंगला क्रँक सेकंदाला तेवीस फेरे घेतो, तर एक व्हॉल्व्ह सेकंदाला साधारण बारा वेळाच उघडतो. म्हणून टॅपेटची, म्हणजे या रॉकर-व्हॉल्व्हच्या जोडाची, टिकटिक क्रँकच्या निम्म्या तालाने, मोजून मारल्यासारखी ऐकू येते. एकदा हा ताल कानात बसला की विसरत नाही.

या फटीचं सेटिंग रविवारी सकाळी करता येतं, इंजिन रात्रभर थंड झालेलं असताना. प्लग काढा, म्हणजे क्रँक हाताने सहज फिरतो. डाव्या कव्हरवर दोन झाकणं असतात, मोठ्यातून पाना घालून क्रँक फिरवायचा आणि छोट्यातून टी ही खूण जुळवायची. खूण जुळली तरी घाई नको. दोन्ही रॉकर बोटाने हलवून पाहा. दोन्ही किंचित टकटक हलले तर बरोबर. एखादा ताठ असेल तर पिस्टन चुकीच्या फेरीत वर आलंय, क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवा. मग फिलर गेजची पट्टी सरकवा. ओढताना ती लोण्यातून सुरी निघावी तशी नको आणि अडकायलाही नको, हलकी ओढ जाणवली पाहिजे. किती पट्टी घालायची हे आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा, शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा चालत नाही. चेक नट आवळताना वरचा स्क्रू धरून ठेवा, नाहीतर तो नटाबरोबर फिरतो आणि फट बदलते. आवळून झाल्यावर पुन्हा मोजा. मी हे दुसऱ्यांदा मोजणं कधीच टाळत नाही.

सेटिंग अचूक करूनही टिकटिक जात नाही, असं झालं तर ॲडजस्टरच्या स्क्रूचं टोक बघा. हजारो किलोमीटर एकाच जागी आपटून तिथे बारीकसा खळगा पडतो. फिलर गेजची सरळ पट्टी त्या खळग्यावरून पुलासारखी जाते, आत शिरत नाही. पट्टी सांगते फट बरोबर, आणि खरी फट असते त्याहून मोठी. माझ्या गाडीचा हा स्क्रू मी काढून उन्हात धरला तेव्हा टोकावर नखाला जाणवेल इतका खोलगट ठसा होता. नवा स्क्रू लागला काही रुपयांचा.

आता गैरसमज. पुष्कळजण मिस्त्रीला सांगतात, टॅपेट एकदम सायलेंट करा. हे करू नका. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह पेटलेल्या वायूच्या तोंडाशी असतो आणि तो थंड होतो तो बंद असताना, आपल्या सीटला टेकून. फट शून्य झाली तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, उष्णता द्यायला जागा उरत नाही, आणि त्याची कड जळते. गाडी काही महिने अगदी मऊ आवाजात चालते, मग एका सकाळी किकच लागत नाही. हलकी, एकसारखी टिकटिक ही तब्येतीची खूण आहे.

टिकटिकीसारखाच वाटणारा आणखी एक आवाज आहे आणि तो भल्याभल्यांना फसवतो: सायलेन्सर हेडला जिथे जोडलेला असतो तिथली गॅस्केट गेली तर प्रत्येक झटक्याला वायू फटीतून सुटतो. इंजिन थंड असताना हा आवाज मोठा, पाइप तापून फुगला की कमी. थंड असतानाच जोडावर साबणाचं पाणी लावून सुरू केलं तर बुडबुडे दिसतात.

आता माझी खडखड. ती डावीकडून येत होती आणि रेस सोडतानाच जास्त ऐकू यायची. हे टायमिंग चेनचं लक्षण. कॅमशाफ्टला फिरवणारी ही बारीक चेन ब्लॉकच्या आतून जाते आणि टेन्शनर तिला ताणून धरतो. आपल्या जुन्या शंभर सीसीच्या इंजिनात त्याचा एक आर्म, टोकाला रोलर आणि खालून स्प्रिंगवर उभी राहणारी पुश रॉड असते. हे इंजिन होंडाच्या कब घराण्यातलं आहे, सिलिंडर जवळजवळ आडवा. वर्षं गेली की रोलरचं रबर कडक होतं, चेनच्या कड्या झिजून ती लांबते, स्प्रिंग दमते. रेस देताना चेनची एक बाजू ताणलेली असते. रेस सोडली की ओढ उलटते आणि सैल बाजू भिंतीवर आपटते. फक्त आवाजच होतो असं नाही. व्हॉल्व्ह उशिरा उघडतात, ओढ कमी होते, आणि ॲल्युमिनियमचा चुरा तेलात मिसळतो. मिस्त्रींनी चेन, रोलर, पुश रॉड असं पूर्ण किट बदललं. जुना रोलर त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. एका बाजूने चपटा झालेला होता. हाफ इंजिन करताना तोच रोलर त्याच जागी परत बसवला गेला होता.

उजवीकडून येणाऱ्या खळखळीचं उत्तर बहुधा फार स्वस्त असतं. न्यूट्रलमध्ये आयडलिंगला खळखळ आणि क्लच दाबला की बंद, असं असेल तर ती क्लचची किंवा प्रायमरी गिअरची. शंभर सीसीचं एकच सिलिंडर, दर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतं, त्यामुळे मंद वेगात क्रँक धक्क्याधक्क्याने फिरतो आणि गिअरचे दात एकमेकांवर आपटतात. पेट्रोल वाचावं म्हणून लोक आयडलिंग इतकं खाली आणतात की गाडी सिग्नलला गुदमरते. ते १४०० च्या आसपास आणा, पुष्कळदा खळखळ तिथेच संपते. संपली नाही, तर बहुधा क्लचमधल्या स्प्रिंगा सैल झाल्यात.

किणकिण वेगळीच. वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात, दोन माणसं बसवून फ्लायओव्हर चढताना पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा जो आवाज येतो तो सुट्या भागांचा नसतोच, सिलिंडरमधलं मिश्रण अवेळी पेटल्याचा असतो. गावी जाताना नवापूर सोडल्यावर कोंडाईबारीच्या घाटात ट्रकमागे अडकलो की मला तो हमखास ऐकू येतो. धावत्या गाडीला लागतो तसा वारा मिळत नाही, हेड तापतं, तेल पातळ होतं, आणि पिस्टनवर साठलेला कार्बन निखाऱ्यासारखा लाल राहतो. गिअर खाली टाकायचा, रेस मोकळी द्यायची, आणि तरी थांबत नसेल तर सावलीत दहा-पंधरा मिनिटं उभं राहायचं. पट्ट्यांमध्ये पावसाळ्याचा चिखल वाळून बसलेला असेल तर तो ब्रशने काढा, गाडी थंड असताना. चिखल हा इंजिनाला घातलेला स्वेटर आहे.

तेलाबद्दल मी थोडा हट्टी आहे. या इंजिनांत एक लिटरही तेल बसत नाही. त्यातलं शंभर-दोनशे मिलिलिटर कमी झालं की वर कॅमपर्यंत पुरेसं पोचत नाही आणि टॅपेट, चेन दोन्ही ओरडायला लागतात. गाडी मेन स्टँडवर, दोन-तीन मिनिटं चालवून बंद केल्यावर तितकाच वेळ थांबून काडी बघायची, आणि आपल्या शंभर सीसीच्या गाडीत ती काडी आटे न फिरवता नुसती टेकवून. मी कित्येक वर्षं आवळून बघत होतो आणि पातळी फुगून दिसत होती. डब्यावर १०डब्ल्यू-३० आणि जासो एमए असं लिहिलेलं बघा. जासो एमए हे जपानी मानक मोटरसायकलच्या ओल्या क्लचसाठी आहे. कारचं तेल घातलं तर क्लच घसरू शकतो. आवाज दाबायला घट्ट तेल घालणं ही विकाऊ गाडीची युक्ती आहे. थंड सकाळी ते वर चढायला उशीर लावतं, आणि झीज सगळ्यात जास्त त्याच क्षणांत होते.

घरघरीसाठी सुरतेत एक तारीख आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला पूर आला आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. गल्लीगल्लीत मोटरसायकली हँडलपर्यंत बुडाल्या. पाणी उतरल्यावर लोकांनी घाईघाईने किका मारल्या. ज्यांनी आधी तेल काढलं त्यांना दिसलं की ते दुधाळ चहासारखं झालंय, गाळ मिसळलेलं. ज्यांनी काढलं नाही त्यांच्या क्रँकच्या बेअरिंगवर गंज आणि गाळ बसला, आणि काही महिन्यांनी वेगाबरोबर वाढणारी सलग घरघर सुरू झाली. बुडालेल्या इंजिनाला किक मारायची नसते. प्लग काढायचा, तेल दोनदा बदलायचं, सिलिंडरमध्ये चमचाभर तेल घालून हाताने फिरवायचं, मग पुढचं. कतारगाम तापीकाठी आहे, पावसाळा दरवर्षी येतो.

आणि आता शेजारच्या भाऊंचा ठोका. ठकठक, खोल, पोटातून आल्यासारखी, रेस दिली की जड होणारी, गरम होऊनही न जाणारी. पेचकस खालच्या केसवर ठेवला तर मुठीतून हनुवटीला धक्का लागत होता. मी त्यांना गाडी बंद करायला सांगितली. ते म्हणाले, अमरोलीपर्यंत तर जाऊ दे, संध्याकाळी दाखवतो. मी किल्ली काढून घेतली. कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग सुटायला लागलं की तो आवाज येतो, आणि चालत्या गाडीत रॉड तुटला तर केसला भोक पाडून बाहेर येतो, चाक जागीच अडकतं. आम्ही दोघांनी गाडी ढकलत मिस्त्रींकडे नेली, अर्ध्या तासाचा रस्ता, घामाघूम. त्यांनी ब्लॉक उतरवला, रॉड दोन बोटांत धरला आणि सरळ वर-खाली ओढला. आडव्या दिशेला थोडा खेळ चालतो, उभ्या दिशेला अजिबात नको. रॉड हलला, आणि तोच आवाज आला, इंजिन बंद असताना, हातात. भाऊंनी स्वतः एकदा ओढून पाहिला, मग खिशातून फोन काढून कारखान्यात कळवलं की आज येत नाही.